शैक्षणिक मापन

शैक्षणिक मापन ही शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या सीमेवर विकसित झालेली ज्ञानशाखा होय. विद्यार्थ्याचे ज्ञान, कौशल्य, अभिक्षमता किंवा अभिवृत्ती यांना ठरावीक नियमांनुसार अंक देणे, त्या अंकांत किती त्रुटी संभवते याचा अंदाज बांधणे आणि त्यांवरून कोणते निष्कर्ष काढणे रास्त ठरेल हे तपासणे, हे तिचे कार्यक्षेत्र आहे. कापडाची लांबी पट्टीने मोजता येते; ‘गणितातील आकलन’ कोणत्याही साधनाला थेट दिसत नाही. विद्यार्थ्याने एका विशिष्ट दिवशी सोडवलेल्या मोजक्या प्रश्नांवरून त्याचे अनुमान करावे लागते. परीक्षेतील गुण हे असे अनुमान असते आणि इतर कोणत्याही अनुमानाप्रमाणे ते भक्कम किंवा कच्चे असू शकते. किती भक्कम, हे ठरवण्याच्या रीती म्हणजेच या शाखेचा गाभा.

विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांत हा विषय बहुधा संशोधनपद्धतीच्या जोडीने शिकवला व अभ्यासला जातो. एखादी अध्यापनपद्धती परिणामकारक आहे की नाही हे शोधणाऱ्याला शेवटी कोणत्या तरी चाचणीच्या गुणांवरच विसंबावे लागते. त्यामुळे मापनातील दोष संशोधनाच्या निष्कर्षांत जसेच्या तसे उतरतात.

संज्ञा

मापन, मूल्यमापन आणि परीक्षा हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. शास्त्रीय लेखनात त्यांत भेद केला जातो. शंभरपैकी ३५ गुण मिळाले ही मापनाची नोंद होय. त्या गुणांना ‘उत्तीर्ण’ म्हणणे हे मूल्यमापन, कारण तेथे एक निकष आणि एक निर्णय येतो. परीक्षा हे या दोहोंचे एक साधन आहे. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, प्रात्यक्षिक ही इतर साधने होत. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. तेव्हापासून ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ या दोन संज्ञा शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आल्या. शिकणे चालू असताना सुधारणेसाठी केलेले ते आकारिक आणि सत्राच्या अखेरीस साध्य जोखण्यासाठी केलेले ते संकलित मूल्यमापन.

गुणांचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. विद्यार्थ्याची इतरांशी तुलना केली तर ते मानकसंदर्भित मापन ठरते. ठरावीक कौशल्य त्याला येते की नाही एवढेच पाहिले तर ते निकषसंदर्भित. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्लेझर यांनी १९६३ मध्ये हा भेद ठळकपणे मांडला. प्रवेशपरीक्षा पहिल्या प्रकारची असते आणि वाहन चालवण्याच्या परवान्याची चाचणी दुसऱ्या. एकाच परीक्षेकडून दोन्ही कामे करून घेण्याचा मोह शालान्त परीक्षांच्या बाबतीत सर्वत्र दिसतो.

परीक्षकांमधील तफावत

लेखी परीक्षेची परंपरा जुनी आहे. चीनमधील शाही नोकरभरतीच्या परीक्षा तेराशे वर्षे चालून १९०५ मध्ये बंद झाल्या. गुणांमधील चुकीचा संख्याशास्त्रीय विचार मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. ब्रिटनमधील अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्ये परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध प्रसिद्ध केला. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्याच्या स्थानाची अनेक निरीक्षणे घेऊन त्यांतील त्रुटीचा अंदाज बांधतात, तसाच विचार त्यांनी उत्तरपत्रिकेला लावला. अनेक सक्षम परीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी हे खरे मूल्य आणि एका परीक्षकाचा गुण हे त्याभोवती हेलकावणारे एक निरीक्षण, अशी त्यांची मांडणी होती.

अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२–१३ मध्ये एकेका उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यास पाठवल्या. इंग्रजीच्या निबंधात मतभेद होणे अपेक्षितच होते. भूमितीची उत्तरपत्रिकाही त्याला अपवाद ठरली नाही. शंभराहून अधिक शिक्षकांनी त्या एकाच उत्तरपत्रिकेला दिलेले गुण २८ पासून ९० च्या वरपर्यंत पसरले होते. आकृती अस्वच्छ असल्याबद्दल कोणी गुण कापले होते, तर कोणी रीत बरोबर असून उत्तर चुकले म्हणून पूर्ण गुण नाकारले होते.

याहून अस्वस्थ करणारे निष्कर्ष फिलिप हार्टोग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मांडले. हार्टोग हे भारतीय शिक्षणाच्या इतिहासातही परिचित नाव आहे. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते आणि सायमन कमिशनच्या साहाय्यक शिक्षणसमितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांचा १९२९ चा अहवाल ‘हार्टोग समितीचा अहवाल’ म्हणून ओळखला जातो. त्यांनी मूळ परीक्षेत सारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १५ अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या. वर्षाहून अधिक काळाने त्यांपैकी १४ परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. नापास, पास किंवा विशेष प्रावीण्य असा प्रत्येकी एक निकाल, म्हणजे एकूण २१० निकाल होते. त्यांपैकी ९२ निकाल दुसऱ्या वेळी बदलले. येथे परीक्षक तेच होते आणि उत्तरपत्रिकाही त्याच. माणसा-माणसांतील मतभेदाने हे स्पष्ट होत नाही. एकच परीक्षक स्वतःशीच सहमत नव्हता.

या अभ्यासांचे दोन परिणाम झाले. एकीकडे वस्तुनिष्ठ प्रश्नांचा, विशेषतः बहुपर्यायी प्रश्नांचा प्रसार झाला. दुसरीकडे निबंधवजा उत्तरांच्या तपासणीत शिस्त आणण्याच्या रीती रुळल्या. तपशीलवार गुणदान योजना, नियामकांकडून निवडक उत्तरपत्रिकांची फेरतपासणी, बैठक क्रमांक झाकून तपासणी आणि पूर्ण उत्तरपत्रिकेऐवजी एकेक प्रश्न सर्वांचा सलग तपासणे या त्यांतील प्रमुख होत. त्यांनी तफावत कमी होते, नाहीशी होत नाही.

विश्वसनीयता आणि मापनाची त्रुटी

तेच साधन पुन्हा वापरले असता कितपत तेच उत्तर मिळेल, या गुणधर्माला विश्वसनीयता म्हणतात. अभिजात चाचणी सिद्धान्तात प्रत्येक प्राप्त गुण हा खरा गुण आणि त्रुटी यांची बेरीज मानला जातो. या विचाराचा पाया चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये घातला आणि त्याची पूर्ण गणिती मांडणी फ्रेडरिक लॉर्ड व मेल्विन नोव्हिक यांच्या १९६८ च्या ग्रंथात आली. विश्वसनीयता गुणक ० ते १ या दरम्यान असतो. तो काढण्याच्या अनेक रीती आहेत: तीच चाचणी काही दिवसांनी पुन्हा देणे, समतुल्य चाचणी देणे, चाचणीचे दोन भाग करून ते पडताळणे. कूडर आणि रिचर्डसन यांचे १९३७ चे सूत्र आणि ली क्रॉनबॅक यांचा १९५१ मधील ‘अल्फा’ गुणक चाचणीच्या अंतर्गत सुसंगतीवरून विश्वसनीयतेचा अंदाज देतात. शिक्षणशास्त्रातील प्रबंधांत अल्फा आज इतका सर्रास येतो की तो दिला म्हणजे साधनाची तपासणी पूर्ण झाली असा समज पसरला आहे. मात्र अल्फाला परीक्षकांमधील तफावत दिसत नाही आणि एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत होणारा बदलही दिसत नाही. क्रॉनबॅक यांनी स्वतः सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये सामान्यीकरणक्षमता सिद्धान्त मांडला. त्यात प्रश्न, परीक्षक आणि प्रसंग यांमुळे येणारी त्रुटी वेगवेगळी मोजली जाते.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने गुणकापेक्षा मापनाची प्रमाण त्रुटी अधिक महत्त्वाची असते. गुणांचे प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९१ असेल, तर १ वजा ०.९१ म्हणजे ०.०९, त्याचे वर्गमूळ ०.३ आणि त्याला १५ ने गुणले असता ४.५ ही प्रमाण त्रुटी मिळते. विश्वसनीयता ०.९१ ही उत्तम चाचणीची खूण मानली जाते. तरीही ३५ गुण मिळवणाऱ्याचा खरा गुण सुमारे २६ ते ४४ या पट्ट्यात कोठेही असू शकतो, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. दोन विद्यार्थ्यांच्या गुणांतील फरकाची त्रुटी याहूनही मोठी, म्हणजे ६.४ च्या घरात येते. अशा चाचणीत ३३ आणि ३७ गुणांमध्ये भेद करण्यास संख्याशास्त्रीय आधार नाही; निकालपत्रकात मात्र पहिल्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते. उत्तीर्णतेच्या रेषेलगत सवलतीचे गुण देण्याची प्रथा अनेक मंडळांत आणि विद्यापीठांत आहे. तिच्याकडे केवळ दयाबुद्धी म्हणून पाहिले जाते; मापनशास्त्राच्या दृष्टीने तिला ठोस कारण आहे.

चाचणी लांबवली की विश्वसनीयता वाढते. स्पिअरमन–ब्राउन सूत्रानुसार ०.६० विश्वसनीयतेची चाचणी तशाच प्रश्नांनी दुप्पट केली तर ती ०.७५ होते. एका मोठ्या प्रश्नाऐवजी अनेक लहान प्रश्न विचारण्यामागे हेच गणित असते.

सप्रमाणता

जे मोजायचे आहे तेच चाचणी मोजते का, या प्रश्नाला सप्रमाणतेचा प्रश्न म्हणतात. काही ग्रंथांत यथार्थता किंवा वैधता असेही शब्द आढळतात. विश्वसनीय चाचणी सप्रमाण असेलच असे नाही. रोज पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळ नियमित असते, पण वेळ चुकीचीच दाखवते. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात भाषा इतकी बोजड असेल की मूल वाचनातच अडखळेल, तर त्या प्रश्नाचे गुण गणिताचे राहत नाहीत. घरी गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीतून शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा मुद्दा तात्त्विक नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सप्रमाणतेचे वेगवेगळे प्रकार मानले जात. अभ्यासक्रमाचे योग्य प्रतिनिधित्व झाले आहे का हे पाहणारी आशय सप्रमाणता आणि पुढील यशाचे भाकीत जमते का हे पाहणारी भाकीत सप्रमाणता हे त्यांतील प्रमुख. आशय सप्रमाणतेसाठी प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी घटक, उद्दिष्टे आणि प्रश्नप्रकार यांना भारांश देणारा संविधान तक्ता तयार केला जातो, बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो कधी ना कधी भरलेला असतो. १९५५ मध्ये क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी संरचना सप्रमाणतेची कल्पना मांडली. बुद्धिमत्ता, चिंता, आकलन यांसारख्या अदृश्य गुणधर्मांसाठी कोणताही एक बाह्य निकष पुरेसा नसतो. त्यामुळे त्या गुणधर्माविषयीच्या सिद्धान्तातून निघणारी अनेक भाकिते एकेक करून तपासावी लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. सॅम्युअल मेसिक यांनी १९८९ मध्ये हे सर्व प्रकार एका सूत्रात आणले. सप्रमाणता ही चाचणीचा अंगभूत गुण नसून गुणांच्या विशिष्ट अर्थाला आणि विशिष्ट वापराला असलेला पुरावा आहे, ही त्यांची भूमिका आज सर्वमान्य झाली आहे. तिचा व्यावहारिक अर्थ असा की एका कामासाठी योग्य ठरलेले गुण दुसऱ्या कामासाठी वापरायचे असतील तर नव्याने पुरावा द्यावा लागतो.

महाराष्ट्रात २०२१ साली याचा प्रत्यय आला. कोरोना साथीमुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा झाली नाही. प्रत्येक विषयात नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी कामाला ३० आणि अंतिम तोंडी, प्रात्यक्षिक वा तत्सम कामाला २० गुण देऊन निकाल तयार करण्यात आला. निकाल ९९.९५ टक्के लागला. दहावीचे शिक्षण पूर्ण झाले हे प्रमाणित करण्याच्या कामासाठी ही व्यवस्था समर्थनीय होती. अकरावीच्या मोजक्या जागांसाठी विद्यार्थ्यांना क्रम लावणे हे दुसरे काम. त्यासाठी शाळाशाळांचे अंतर्गत गुण परस्परांशी तुलनीय असणे आवश्यक होते आणि तसे मानण्यास आधार नव्हता. म्हणून शासनाने ऐच्छिक सामाईक प्रवेश परीक्षा जाहीर केली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असल्याने इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, असा आक्षेप घेणारी याचिका दाखल झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी ती परीक्षा रद्द केली. प्रवेश अखेर दहावीच्या त्याच गुणांवर झाले. एका पेचातील दोन्ही पर्याय सप्रमाणतेच्या वेगवेगळ्या कारणांनी अडचणीचे ठरल्याचे हे उदाहरण आहे.

प्रश्नांचे विश्लेषण

प्रश्न चांगला आहे की नाही हे विद्यार्थ्यांच्या प्रतिसादांवरूनही कळते. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढण्याची रीत ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवली. प्रत्येक गटात १०० विद्यार्थी आहेत आणि एका प्रश्नाचे बरोबर उत्तर वरच्या गटातील ७२ व खालच्या गटातील ३० जणांनी दिले असे मानले, तर त्या प्रश्नाचे काठिण्यमूल्य ०.५१ आणि भेदनक्षमता ०.४२ येते. भेदनक्षमता उणे आली, म्हणजे हुशार विद्यार्थी अधिक चुकले, तर बहुतेक वेळा उत्तरसूचीत चूक तरी असते किंवा प्रश्नच दोन अर्थांचा असतो.

या आकड्यांची मर्यादा अशी की ते गटागणिक बदलतात. हुशार वर्गात प्रश्न सोपा वाटतो, कच्च्या वर्गात तोच अवघड. डेन्मार्कचे गणितज्ञ गेओर्ग राश यांनी १९६० मध्ये यावर उपाय मांडला. त्यांच्या प्रतिमानात विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य एकाच मापपट्टीवर ठेवले जाते. बरोबर उत्तराची संभाव्यता केवळ त्या दोहोंतील अंतरावर अवलंबून असते. अंतर शून्य असेल तर संभाव्यता ५० टक्के, क्षमता एका एककाने अधिक असेल तर सुमारे ७३ टक्के आणि दोन एककांनी अधिक असेल तर सुमारे ८८ टक्के. यातून वाढलेल्या प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्तावर प्रश्नपेढ्या, उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडणाऱ्या संगणकीय चाचण्या आणि पिसासारखी आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणे उभी आहेत.

प्रश्नातील पक्षपात शोधण्याचे कामही याच चौकटीत होते. समान क्षमतेच्या मुलांमध्ये एखाद्या गटाला विशिष्ट प्रश्न अवघड जात असेल, तर त्याची छाननी केली जाते. लोकल गाडीच्या वेळापत्रकावरील उदाहरण मुंबईच्या मुलाला आणि भामरागडच्या मुलाला सारख्याच अंतरावर नसते. सरासरी गुणांत फरक आहे एवढ्यावरून मात्र पक्षपात सिद्ध होत नाही. तो फरक शिकवण्यातील विषमतेचाही असू शकतो.

वेगवेगळ्या सत्रांतील गुणांची तुलना

एकच परीक्षा अनेक दिवस आणि अनेक सत्रांत घेतली की प्रश्नपत्रिका बदलतात आणि त्यांचे काठिण्य तंतोतंत सारखे ठेवता येत नाही. अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मुख्य परीक्षा आणि महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एमएचटी-सीईटी यांत २०१९ पासून यासाठी शततमक गुण वापरले जातात. विद्यार्थी त्यांना पर्सेंटाइल म्हणतात. एखाद्या सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १९,००० जणांना १२० किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर १२० गुणांचे शततमक ९५ होते. दुसऱ्या, अधिक कठीण सत्रात १०५ गुणांनाही ९५ मिळू शकते.

शततमक म्हणजे टक्केवारी नव्हे, हे दरवर्षी निकालाच्या काळात पालकांना नव्याने सांगावे लागते. अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पद्धतीमागील गृहीतक. प्रत्येक सत्रातील विद्यार्थ्यांचे गट सरासरीने सारख्याच क्षमतेचे आहेत, असे येथे मानले जाते. विद्यार्थ्यांना सत्रे यादृच्छिक रीतीने वाटून दिली आणि गट मोठे असले तर ते मान्य होण्यासारखे आहे. गट लहान असले किंवा एखाद्या सत्रात विशिष्ट भागातील विद्यार्थी एकवटले तर ते डळमळते. २०१३ ते २०१६ या काळात जेईईच्या क्रमवारीत बारावीच्या मंडळाच्या गुणांना ४० टक्के भारांश होता आणि निरनिराळ्या मंडळांचे गुण शततमकांच्या आधारेच जुळवले जात. तेथे मंडळांचे विद्यार्थी यादृच्छिकपणे वाटलेले नव्हते, त्यामुळे गृहीतक अधिकच कच्चे होते. २०१७ पासून हा भारांश काढून टाकण्यात आला.

भारतातील वाटचाल

अध्यापन परीक्षेच्या ताब्यात गेले आहे, ही तक्रार १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने नोंदवली होती. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची असेल, असे मत १९४८–४९ च्या राधाकृष्णन आयोगाने दिले. त्यानंतर १९५६ मध्ये भोपाळ येथे परीक्षाविषयक परिसंवाद झाला. शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणासाठी प्रसिद्ध असलेले शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम सल्लागार म्हणून भारतात आले आणि १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला. १९६१ मध्ये एनसीईआरटीची स्थापना झाल्यावर हे काम तिच्याकडे आले. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही मराठी प्रश्नपत्रिकांतील उद्दिष्टांची चौकट त्याच काळातून आलेली आहे.

बुद्धिमापनाचा प्रवाह याच्याही आधीचा. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केलेल्या चाचणीचा हेतू शाळेत अधिक मदतीची गरज असलेली मुले ओळखणे हा होता. सी. हर्बर्ट राइस यांनी लाहोर येथे १९२२ च्या सुमारास तिचे हिंदुस्थानी रूपांतर केले. मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठीचे रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले व त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बिने–कामत चाचणी’ त्यानंतरही अनेक दशके भारतातील चिकित्सालयांत वापरात राहिली. या प्रवाहाला काळी बाजूही आहे. कार्ल ब्रिगम यांनी अमेरिकी सैन्यातील चाचण्यांवरून १९२३ मध्ये वंशावंशांतील बुद्धीचा श्रेष्ठ-कनिष्ठ क्रम मांडला होता. भाषा आणि परिचय यांचा परिणाम न वगळता केलेली ती तुलना निराधार असल्याची कबुली त्यांनी १९३० मध्ये दिली. तोपर्यंत अमेरिकेत स्थलांतरितांवर निर्बंध घालणारा १९२४ चा कायदा झालेला होता.

भारतीय शैक्षणिक संशोधनाचा पहिला पद्धतशीर आढावा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील प्रगत अध्ययन केंद्रात एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये निघाला. पुण्यातील भारतीय शिक्षण संस्था हे मराठी प्रदेशातील अशा संशोधनाचे महत्त्वाचे केंद्र. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने ती १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती.

संशोधनपद्धतीशी संबंध

पूरक वर्गांचा परिणाम तपासणारा एक नेहमीचा आराखडा असा असतो: चाचणी घ्यायची, सर्वांत कमी गुणांची मुले निवडायची, त्यांना काही आठवडे शिकवायचे आणि पुन्हा चाचणी घ्यायची. गुण वाढतात व उपक्रम यशस्वी ठरतो. समजा, पूर्ण वर्गाची सरासरी ५० आहे, दोन चाचण्यांतील सहसंबंध ०.८० आहे आणि निवडलेल्या मुलांची सरासरी ३० आहे. या मुलांना काहीही शिकवले नाही तरी दुसऱ्या चाचणीत त्यांची अपेक्षित सरासरी ३४ येते. पहिल्या चाचणीत ज्यांचे नशीब वाईट होते अशी मुले निवडीत अधिक आलेली असतात आणि दुसऱ्या वेळी ते नशीब तसेच राहत नाही. याला सरासरीकडे होणारे प्रतिगमन म्हणतात. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली यांनी १९६३ मध्ये संशोधन आराखड्यांना संभवणाऱ्या धोक्यांची जी यादी दिली, तिच्यात याचा समावेश आहे. परिपक्वता, मधल्या काळातील घटना आणि पूर्वचाचणीचाच परिणाम हे त्यातील आणखी काही धोके. एकल गटावरील पूर्वचाचणी–उत्तरचाचणी हा आराखडा त्यांनी तेव्हाच कमकुवत ठरवला होता, एम.एड.च्या लघुप्रबंधांत तो अजूनही वारंवार भेटतो.

दुसरी नेहमीची चूक नमुन्याच्या आकाराची. एका वर्गातील मुलांचे शिक्षक एक, वस्ती एक. त्यांचे गुण परस्परांपासून स्वतंत्र नसतात. गुणांतील एकूण फरकापैकी २० टक्के फरक वर्गावर्गांतील असेल, तर प्रत्येकी ४० मुलांच्या १० वर्गांतून घेतलेली ४०० मुले माहितीच्या दृष्टीने सुमारे ४५ स्वतंत्र मुलांइतकीच ठरतात. बहुस्तरीय विश्लेषणाची गरज यातून निर्माण झाली.

या दोषांवरचा सर्वांत भक्कम उपाय यादृच्छिक वाटप हा होय आणि त्याचे एक गाजलेले उदाहरण मुंबई व वडोदरा येथील आहे. प्रथम या संस्थेच्या ‘बालसखी’ कार्यक्रमात मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच स्थानिक तरुणी दिवसातले काही तास वेगळे शिकवीत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्तेर दुफ्लो आणि ली लिंडन यांनी केलेल्या अभ्यासात कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल हे यादृच्छिकपणे ठरवले गेले. त्यामुळे प्रत्येक शाळेला काही ना काही मिळाले आणि तुलनेसाठी गटही उरला. गुणांतील वाढ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन एवढी होती, व ती मुख्यतः तळाच्या मुलांत दिसली. कार्यक्रम संपल्यानंतर एका वर्षाने बरीचशी वाढ ओसरलेली होती. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रायोगिक पद्धतीच्या अशा वापरासाठीच.

मोठी सर्वेक्षणे

भारतातील मुलांना किती येते याची दोन प्रमुख उत्तरे उपलब्ध आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. ‘असर’ हे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केले जाते. मूल सरकारी शाळेत जाते, खासगी शाळेत जाते की शाळेतच जात नाही, याने फरक पडत नाही. प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला सांगतात. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे एवढेच असते. पाचवीतील दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे निम्मे होते. साथीनंतर २०२२ मध्ये ते सुमारे ४३ टक्क्यांवर आले. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण मात्र शाळेत, लेखी व बहुपर्यायी स्वरूपात होते. तेथे इयत्तेच्या अध्ययननिष्पत्ती मोजल्या जातात. ज्या मुलाला प्रश्नच वाचता येत नाही त्याच्याविषयी ही चाचणी फारसे सांगू शकत नाही. चार पर्यायांच्या ४० प्रश्नांत केवळ ठोकताळ्याने सरासरी १० उत्तरे बरोबर येतात.

साधने वेगळी असल्याने आकडे वेगळे येणे साहजिक आहे. परंतु राज्यांचा क्रमही पुष्कळदा बदलतो. डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो यांनी २०२१ मध्ये दोन्हींची इतर स्वतंत्र पाहणीशी तुलना केली तेव्हा शासकीय सर्वेक्षणातील राज्यांच्या सरासऱ्या फुगलेल्या आढळल्या. अभिजीत सिंग यांच्या अभ्यासात मध्य प्रदेशात शाळांनीच घेतलेल्या चाचणीचे गुण त्याच मुलांच्या स्वतंत्र फेरचाचणीत टिकले नाहीत, तर आंध्र प्रदेशात टॅब्लेटवर घेतलेल्या चाचणीत अशी फुगवट बरीच कमी होती. २००९ च्या पिसा चाचणीच्या विस्तारित फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश सहभागी झाले. निकालात दोन्ही राज्ये तळाशी आली, आणि त्यानंतर भारताने त्या चाचणीत भाग घेतलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार स्थापन झालेल्या ‘परख’ या केंद्राने ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी नवे राष्ट्रीय सर्वेक्षण घेतले.

एखादा संख्यात्मक निर्देशक निर्णयांसाठी जितका अधिक वापरला जाईल तितका तो भ्रष्ट होण्याचा दबाव वाढतो, हे निरीक्षण डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात नोंदवले व ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. जिल्ह्याचा क्रम चाचणीच्या गुणांवर ठरतो, चाचणी शिक्षक घेतात आणि त्या शिक्षकांना क्रमाबद्दल जाब विचारला जातो, तेथे फळ्यावर उत्तरे उमटण्यास फार वेळ लागत नाही. म्हणूनच मोठ्या सर्वेक्षणांत नमुना पद्धती वापरावी, त्रयस्थ व्यक्तींकडून चाचणी घ्यावी आणि निकालाचा वापर एकेका शाळेला बक्षीस वा शिक्षा देण्यासाठी करू नये, असा आग्रह मापनतज्ज्ञ धरतात. प्रशासनाला मात्र शाळानिहाय आकडे हवे असतात आणि दोन्ही मागण्या एकाच चाचणीतून पुऱ्या करण्याचे प्रयत्न चालूच आहेत.